धानातलं टेनिस

बँकेत मी फक्त पेन मागितलं होतं. पुढे जे काही घडलं, म्हणजे मी पट्ट्यांनी खुर्चीला बांधलेल्या अवस्थेत, आकाशाकडे चाकं करून, नाकात धान घेऊन आडवी झाले, त्याला ते पेन जबाबदार आहे. (माझे यजमान म्हणतात, पेन नव्हे, स्वभाव. पण त्यांचं प्रत्येक वेळी ऐकलं तर त्यांना सवय लागेल.)

ही गोष्ट २००९ सालची, ऑगस्टमधली. त्या दिवशी सकाळी खुशबूच्या शाळेतून बोलावणं आलं. खुशबू आमची एकुलती एक, वय वर्षं सात, इयत्ता दुसरी. शाळेतून निरोप आला की मी आधी सगळ्यात वाईट तेच गृहीत धरते, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून कमी निघतं. फाटकापर्यंत पोचेतो मी मनातल्या मनात तिचा हात मोडला होता, प्लास्टर घातलं होतं आणि ते काढूनही झालं होतं.

पीटीच्या नीतू मॅडम दारातच उभ्या होत्या. "बच्ची को कुछ नहीं हुआ है," त्या म्हणाल्या. "वही तो प्रॉब्लेम है. उसको कभी कुछ होता ही नहीं."

मग त्यांनी आत बसवून सांगितलं. पीटीच्या तासाला सगळी मुलं मैदानावर असतात आणि खुशबू निंबाच्या झाडाखाली सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसते. कोणी सांगितलेलं नसताना. शर्यतीत उभं केलं तर ती चालत जाते, नजर जमिनीवर, खाली वाकून खडे बाजूला करत. मागच्या आठवड्यात तर तिनं पूर्ण रांगेला समजावून सांगितलं की पळू नका, पडाल, आणि त्यातल्या दोघींना ते पटलं. खुद्द नीतू मॅडमना तिनं थांबवून बुटाची नाडी बांधायला लावली होती.

"इतना डर इसमें आया कहां से?" मॅडमनी विचारलं.

मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, पण आत बघण्यापेक्षा ते बरं होतं.

कारण मला माहीत होतं. मला दोन वर्षांची असताना पोलिओ झाला. घरात मी कुबड्यांवर वावरते, बाहेर हातानं फिरवायच्या तीनचाकी सायकलवर. शिकले, बी.ए. झाले, घरी शिकवण्या घेते, त्यातलं काहीच अवघड गेलं नाही. अवघड गेलं ते खुशबू रांगायला लागली तेव्हा. ती पडली तर मी धावत जाऊ शकणार नव्हते. मग तिनं पडूच नये, असा मी घरापुरता कायदा केला. 'हळू, पडशील' हे वाक्य मी दिवसातून इतक्या वेळा म्हणायचे की शेजारच्या घरातला पोपट ते शिकला. (पोपटाचं पुढे काय झालं माहीत नाही. उडत असेल, तर हळूच.)

शाळेतून निघाले ती पासबुक भरून घ्यायला बँकेत गेले. डोळे जरा ओले होते, त्यामुळे पर्समध्ये पेन सापडेना. काउंटरवर नवीन क्लार्क होते, नागपूरहून बदली होऊन आलेले. मी पेन मागितलं. त्यांनी दिलं आणि माझ्या हातांकडे बघत म्हणाले, "हात छान आहेत."

मी पदर मनगटापर्यंत ओढला. गोंदियात बँकेच्या काउंटरवर असं कोणी बोलत नाही.

"म्हणजे दंड," ते गडबडून म्हणाले. "ताकद. तीनचाकी चालवता ना? गैरसमज करून घेऊ नका, थांबा, मी बाहेर येतो." आणि काउंटरच्या मागून ते खरंच बाहेर आले, तेही व्हीलचेअरवर. हे हिमांशु सर. कॉलेजात असताना मोटरसायकलवरून पडले, तेव्हापासून खुर्चीत, आणि तेव्हापासूनच व्हीलचेअर टेनिस खेळतात. इथे बदली झाल्यापासून समोर खेळायला कोणी नाही. खेळासाठीची जादा खुर्ची आहे, जादा रॅकेट आहे, फक्त माणूस नाही. भिंतीशी खेळतात आणि दर वेळी भिंत जिंकते. एवढं बोलून त्यांनी एक कागद पुढे केला. वर लिहिलं होतं, 'नवशिक्यांसाठी वर्ग'. खाली नावांसाठी दहा ओळी होत्या, दहाही कोऱ्या.

पेन हातातच होतं. हातात पेन असलं की माझ्याकडून सही होते. (आमचं रजिस्टर लग्न जवळपास असंच झालं.) पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला समोर निंबाचं झाड दिसत होतं आणि त्याखाली बाटल्या मोजत बसलेली खुशबू. तिला धावायला मी शिकवू शकत नव्हते. पण न घाबरायला तर शिकवता येईल. त्यासाठी आधी ते स्वतःला यायला हवं, एवढीच अडचण होती.

घरी सांगितलं. माझे यजमान राजदीप भूमिअभिलेख कार्यालयात मोजणीचं काम करतात. बायको टेनिस खेळणार म्हटल्यावर दुसरा एखादा नवरा हसला असता किंवा रागावला असता. यांनी विचारलं, "मैदानाची लांबी-रुंदी किती असते?"

सासूबाई, शांतीबाई त्यांचं नाव, त्या वेळी केशोरीहून आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी हातातला सुपातला तांदूळ खाली ठेवला.

"काऊन वं प्रेमिला," त्या म्हणाल्या, "घरात कुबडी घेऊन चालतेस त मी दहा खेपा सांभाळ म्हनतो, आन् आता तू चेंडूच्या मांगं जाऊन राहिली? कायले?"

मी म्हटलं, खुशबूसाठी. त्यांनी सूप पुन्हा उचललं. मग म्हणाल्या की खुशबूसाठी करायचंच असेल तर खीर कर.

मैदानाचा प्रश्न हिमांशु सरांनीच सोडवला. रिंग रोडकडच्या एका राइस मिलचं पटांगण, जिथे उकडलेलं धान वाळत घालतात, ते पावसाळ्यात रिकामंच असतं. सिमेंटचं, सपाट, तेलकट गुळगुळीत. मिलचे मालक शेठजी बँकेत नेहमी यायचे. त्यांनी परवानगी दिली, नवीन धान येईपर्यंत, दर रविवारी.

मग राजदीपनी सुट्टी काढून कोर्ट आखलं. साखळी, फिती, खुंट्या आणि पांढरा चुना. सरकारी मोजणीत जेवढी काळजी घेत नसतील तेवढी इथे घेतली. लांब चौकोन, मध्ये जाळ्याची जागा, जाळ्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन पेट्या, त्यांच्या मागे एकेक मोठी पेटी आणि दोन्ही कडांना लांबच लांब पट्ट्या. येणारे-जाणारे थांबून बघत होते. एका म्हाताऱ्यानं दबक्या आवाजात विचारलंसुद्धा, भाऊ वेगळे होऊन राहिले का. जाळं मात्र नव्हतं. ते सासूबाईंनी केशोरीच्या तलावावरच्या ढिवरांकडून आणून दिलं. विरोध असला म्हणून मदत करायची नाही, असं त्यांच्याकडे नसतं. मासे धरायचं जुनं जाळं होतं. ते बांधल्यापासून आमच्या प्रत्येक खेळाला मिलमधल्या चार मांजरी हजर असायच्या. आमचे पहिले प्रेक्षक.

आता खुर्ची. खेळाच्या खुर्चीची चाकं खालून फाकलेली आणि वरून आत झुकलेली असतात, पुढे दोन इवलीशी चाकं आणि मागे उलटू नये म्हणून अजून एक. मांड्यांवरून पट्टा, पावलांवरून पट्टा. बसले, बांधली गेले, आणि पहिला प्रश्न विचारला.

"ब्रेक कुठे आहे?"

"नाही," हिमांशु सर म्हणाले.

"तुटलाय का?"

"नसतोच."

मी पट्टा सोडायला लागले. सर घाईघाईनं म्हणाले की हेच तर या खेळाचं मर्म आहे, खुर्ची थांबवायची नाही, सतत फिरती ठेवायची, थांबलेली खुर्ची पुन्हा हलवण्यात बॉल निघून जातो. नियम तर फार दयाळू आहे. इतरांना चेंडू एका टप्प्यातच मारावा लागतो, आपल्याला दोन टप्प्यांची सवलत. दुसरा टप्पा रेषेबाहेर पडला तरी चालतो.

सवलतीचा मला काही उपयोग झाला नाही. माझ्याकडे येणारा चेंडू दोन, तीन, चार टप्पे खाऊन, शेवटी घरंगळत येऊन चाकाला टेकायचा, तरी मी जागेवरच असायचे. एक तर रॅकेट हातात धरून त्याच हातानं चाक ढकलायचं, ही कसरत. रॅकेटचा दांडा आणि चाकाची कडी यांच्यामध्ये माझं बोट नेमकं सापडायचं. आणि दुसरं म्हणजे खुर्चीनं जरा वेग घेतला की माझे दोन्ही तळवे आपोआप चाकांवर दाबले जायचे. ब्रेक नसलेल्या खुर्चीला मी हातांचा ब्रेक बसवला होता. तळव्यांना फोड आले. हळद लावून मी शिकवण्या घ्यायचे, मुलांच्या वह्या पिवळ्या व्हायच्या.

"तुम्ही बॉलकडे जात नाही," सर एकदा हताश होऊन म्हणाले. "तो येईल म्हणून वाट बघता. रिक्षा आहे का ती?"

पडायचं कसं, हेसुद्धा ते शिकवत होते. हनुवटी छातीशी घ्यायची, हात आत घ्यायचे. तो धडा मी दर रविवारी पुढच्या रविवारवर ढकलला. पण गेले मात्र दर रविवारी. ऑक्टोबरच्या उन्हात, एकदा ताप असताना, एकदा अष्टमीचा उपास असताना. सासूबाई सोबतीला यायच्या, पोत्यांच्या थप्पीवर बसायच्या. पंधरा दिवसांत त्यांना खेळ समजला, म्हणजे त्यातला माझ्याशी संबंधित भाग समजला. मी मारलेला चेंडू जमिनीवर पडायच्या आधीच त्या शांतपणे सांगायच्या, "भायेर." त्यांचा एकही निर्णय चुकला नाही.

खुशबूला मात्र मी अजून एकदाही आणलं नव्हतं. तिच्यासमोर मी पडले तर सगळंच मुसळ केरात. आधी नीट जमू दे, मग तिला दाखवू, असं ठरवलं होतं. जमत काही नव्हतं आणि नोव्हेंबर आला. नवीन धान कधीही येणार होतं. मग मी मनाचा हिय्या केला. येत्या रविवारी खुशबू येणार, आणि तिच्यासमोर मी निदान एका चेंडूमागे, हातांचा ब्रेक न लावता, जाणार. फक्त एक चेंडू. तो लागो न लागो.

रविवारी सकाळी आम्ही सगळे मिलच्या फाटकातून आत गेलो आणि थांबलो.

कोर्टावर धान होतं.

नुसतं पसरलेलं नव्हतं. जाळ्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंच्या चार पेट्यांमध्ये चार, मागच्या दोन मोठ्या पेट्यांमध्ये दोन, असं सहा ठिकाणी, नुकतंच उकडून आणलेलं, वाफाळतं, बोटभर जाडीचं धान अगदी रेषेला रेषा लावून घातलेलं. कडेच्या दोन लांब पट्ट्या मात्र स्वच्छ झाडून मोकळ्या. वरून कोणी पाहिलं असतं तर टेनिसचं कोर्ट पिवळ्या मखमलीचं शिवलंय असं वाटलं असतं.

पटांगणावर सुशिलाबाईंचं राज्य. वीस वर्षं धान वाळवणाऱ्या बायकांच्या त्या मुकादम. कमरेला पदर खोचून त्या आल्या. दोन दिवस ढग होते, आज ऊन पडलं म्हणून सुट्टी रद्द, असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, पण असं रेषांमध्ये का घातलं?

"मंग कसं घालाव?" त्यांनी राजदीपकडे बोट केलं. "हे मोजणीवाले सायेब सोता साखळी घेऊन चुना मारत होते, मी पायलं. आमाले वाटलं, शेठनं पटांगणाचे हिस्से पाडून घेतले. सहा गावचं धान आलं, सहा हिस्से. जायाले-याले कडेले दोन धुरे सोडले. आमी बराबर भरले." आणि मग, कामाचा अभिमान न लपवता, "पाहून घ्या, एक दाना रेषेच्या भायेर नाई."

हिमांशु सरांनी धानाकडे बघितलं, मग माझ्याकडे. राजदीप मात्र खाली वाकून कडा तपासत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते आमच्या लग्नातल्या फोटोतही नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आखलेली हद्द सगळ्यांनी भांडण न करता मानली होती.

आता शहाण्या माणसानं घरी जायला हवं होतं. मी खुशबूकडे बघितलं. ती आजीच्या शेजारी पोत्यांवर बसली होती, पायात पाय अडकवून. मांजरींना सांगत होती की पोत्यांवर चढू नका.

"पट्टी मोकळी आहे ना," मी म्हटलं. "पट्टीत खेळू."

सर म्हणाले पट्टी जेमतेम साडेचार फूट रुंद आहे. मी म्हटलं, खुर्ची त्यात मावते. सुशिलाबाई म्हणाल्या, खेळा, पण धानाले चाक लागलं त माझ्यासारखी वाईट नाई. मी त्यांना शब्द दिला. (या गोष्टीत मी दोनदा शब्द दिला आहे. हा पहिला, जो दहा मिनिटं टिकला.)

पट्टीच्या एका टोकाला सर, दुसऱ्या टोकाला मी. पहिला चेंडू मी मारला, तो धानात. दुसराही धानात. सासूबाईंनी दोन्ही वेळा निकाल दिला. मग सरांनी एक चेंडू अगदी हळू, उंच टाकला. तो माझ्यापासून बराच पुढे, पट्टीच्या कडेला पहिला टप्पा खाऊन वर उठला. मला दिसलं की दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोचता येईल. हात चाकांवर दाबायला निघाले, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यात पोत्यांवरचे ते दोन बारके, अडकवलेले पाय दिसले. मी हात दाबले नाहीत. ढकलले. एकदा, दोनदा, तीनदा. कानाला वारा लागला. एकोणतीस वर्षांत मला माझ्याच वेगाचा वारा असा कधी लागला नव्हता.

चेंडूला रॅकेट लागली. हे मी शपथेवर सांगते. पण खुर्ची थांबली नाही, कारण ती थांबण्यासाठी बनवलेलीच नव्हती. पुढची दोन इवलीशी चाकं धानात घुसली आणि रुतली. मागची मोठी चाकं येतच राहिली. मी, पट्ट्यांनी बांधलेली, खुर्चीसकट कलंडले आणि पालथी होऊन गरम, ओल्या, उकडल्या वासाच्या धानात गेले.

अंग शेकत होतं, लागलं काहीच नव्हतं. पण पट्टा सुटेना. मान वळवून बघते तो खुशबू पोत्यांवरून उतरली होती.

आणि ती धावत होती.

ती पटांगणाच्या त्या टोकाला होती, मी या टोकाला. पट्टीनं वळसा घालून येण्याऐवजी सरळ धान तुडवत, सहाच्या सहा गावांतून, हात वर करून, फ्रॉकचा घोळ उडवत येत होती. मधल्या पेटीत पाय घसरून पडली. उठली. पुढच्या पेटीत परत पडली, तोंडावर. परत उठली. खाली एकदाही बघितलं नाही. मी तिला आयुष्यात पहिल्यांदा धावताना बघत होते, उलट्या बाजूनं, एका डोळ्यानं, कारण दुसऱ्यात धान होतं.

ज्या क्षणाची मी ऑगस्टपासून वाट बघत होते, तो असा समोरून येत असताना माझ्या तोंडून काय निघावं?

"हळू," मी ओरडले, "पडशील!"

ती माझ्यापाशी येऊन थांबली. धापा टाकत होती. केसांत, भुवयांवर, ओठावर धान चिकटलेलं.

"पडले ना," ती म्हणाली. "दोनदा." मग गुडघ्यावर बसून तिनं माझ्या नाकातलं धान बोटानं काढलं. "तुला लागलं?"

मी म्हटलं, नाही गं. ती म्हणाली, मलापण नाही. आणि हे दोघींनाही इतकं नवलाचं वाटलं की आम्ही तिथेच पडल्या पडल्या हसायला लागलो. मी रडतही होते, पण नाकात धान गेलं की पाणी येतंच.

राजदीपनी आणि बायकांनी मला खुर्चीसकट सरळ केलं. सुशिलाबाई एका पेटीतून दुसऱ्या पेटीत खुशबूच्या पावलांबरोबर गेलेलं धान उकिडवं बसून तपासत होत्या. चार दाणे तळहातावर घेतले, पुन्हा दुसरीकडचे चार घेतले. शेवटी त्या उठल्या. वाण सारखंच निघालं होतं. शेठला कळणार नाही आणि तुम्ही सांगायचं नाही, एवढं बोलून त्यांनी विषय संपवला. (शेठजी, आता सांगून टाकलं. माफ करा.)

शिक्षा मात्र झाली. उकडलेलं धान तासातासानं परतावं लागतं, आणि आमच्या गोंधळात बायकांची एक पाळी चुकली होती. सुशिलाबाईंनी लांब दांड्याचं लाकडी फावडं माझ्या मांडीवर ठेवलं. पट्टी मोकळी हाये, तुमची गाडी मावते, कडेचं धान तुमी फिरवा. मग काय, एका हातानं फावडं ओढायचं, दुसऱ्यानं चाक ढकलायचं, पट्टीच्या टोकाला वळायचं, परत यायचं. दुपारपर्यंत. दोन्ही हात कामात, ब्रेक लावायला हात उरलाच नाही. हिमांशु सर सावलीत बसून माझी वळणं मोजत होते. छत्तिसावं वळण झाल्यावर त्यांनी सुशिलाबाईंना विचारलं की तुम्ही दर रविवारी याल का शिकवायला.

सासूबाईंनी संध्याकाळी माझ्या तळव्यांना हळद लावली. लावता लावता म्हणाल्या, "पोट्टी पयली पयली." म्हणजे पोरगी पळाली. मग दुसरा तळवा ओढून घेत म्हणाल्या, "तू नाई पडली असती त नसती पयली." त्यांच्याकडून मिळालेली माझ्या खेळाची एवढीच तारीफ.

त्यानंतर दर रविवारी खुशबू आमच्यासोबत. धान सहा पेट्यांत, आम्ही पट्ट्यांत. (चुना पुसट झाला की सुशिलाबाईच राजदीपना निरोप धाडायच्या.) मी शिकत होते. खुर्ची आता माझं ऐकत होती, वळत होती, वेगानं जात होती. चेंडूपर्यंत मी पोचत होते, दुसऱ्या टप्प्याच्या आत. फक्त पोचल्यावर जो फटका बसायचा त्याला ताकद भरपूर आणि दिशा मुळीच नव्हती. चेंडू फाटकाकडे, बॉयलरकडे, कोंड्याच्या ढिगाकडे. आणि प्रत्येक चेंडूमागे खुशबू. आधी एकेक करून, मग हवेतच ओळखून, मी मारायच्या आतच निघून. गुडघे फुटले, कोपर खरचटलं. मी ओठ घट्ट मिटून बसायचे. 'हळू' हा शब्द घशापर्यंत यायचा, तो गिळून मी पुढचा चेंडू मारायचे, तो आणखी लांब जायचा.

जानेवारीत शाळेच्या क्रीडा स्पर्धा झाल्या. दुसरीच्या मुलींची पन्नास मीटर. मी मैदानाच्या कडेला तीनचाकीवर, एका बाजूला राजदीप, दुसऱ्या बाजूला सासूबाई. शिट्टी झाली. खुशबू सुटली, खरोखर सुटली, मान वर, हात मोकळे. अर्ध्यात पाय अडकून ती पडली. माझे दोन्ही हात तीनचाकीच्या ब्रेकवर आवळले गेले, गाडी जागेवर उभी असूनही. ती उठली, पुढच्या तिघींना मागे टाकलं आणि दुसरी आली.

नीतू मॅडम तर हर्षानं वेड्या व्हायच्या बाकी होत्या. बक्षीस देताना त्यांनी माइक तिच्यासमोर धरला आणि सगळ्या पालकांसमोर विचारलं की बेटा, इतकी छान कशी काय धावायला लागलीस.

"माझी आई टेनिस खेळते," खुशबू म्हणाली. लोकांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी पदर सारखा केला. मान जरा वर घेतली.

"ती बॉल मारते, मी आणते," खुशबू पुढे म्हणाली. "बॉल रेषेच्या आत पडायला पाहिजे असतो. तो बाहेर जातो. मग मी धावते."

"और अंदर गिर गया तो?" मॅडमनी हसत विचारलं.

खुशबूनं प्रामाणिकपणे विचार केला. खरं तर प्रश्नच तिला कळेना.

"तसं अजून झालं नाही," ती म्हणाली.

मैदान हसलं. सासूबाई सगळ्यात मोठ्यानं. हे खोटं आहे, दोनदा चेंडू आत पडलाय, हे मी राजदीपना सांगायला लागले, तर ते डोळे पुसत होते, हसून की कशानं ते कळलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर नीतू मॅडम गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आल्या. वाकून, दोन्ही हातांत माझा हात घेतला. त्यांचा चेहरा अगदी गंभीर होता.

"मॅडम, फरवरी में सब स्कूलों की दौड़ है," त्या म्हणाल्या. "तब तक, प्लीज, आप अपना गेम मत सुधारिए."

मी शब्द दिला. आणि तो पाळायला मला जराही कष्ट पडले नाहीत.